सुरुंगाने घराला तडे गेले? तपासणी, नोंद आणि तक्रार कशी करायची

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला दगडखाण आहे. सोलापूर शहरापासून गाव तसं लांब नाही. दुपारी भोंगा वाजतो, कुत्री भुंकायला लागतात, मग पायाखालून एक धक्का जातो आणि त्याच्या मागोमाग आवाज येतो. मांडणीवरची भांडी वाजतात. पहिली दोन वर्षं आम्ही "घराला तडे जातायत" असं नुसतं म्हणत राहिलो. अर्ज दिला, पाहणीला माणसं आली. सोबतच्या इंजिनीअरने स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या तड्यावर बोट ठेवून विचारलं, "हा कधीचा?" आई म्हणाली दिवाळीनंतरचा, बायको म्हणाली पावसाळ्यातला, आणि मला काहीच सांगता आलं नाही. पंचनाम्यात "तडे जुने असल्याचे दिसून येते" एवढं एक वाक्य गेलं आणि तो अर्ज तिथंच थांबला.

मी इंजिनीअर नाही, हायस्कूलात विज्ञान शिकवतो. पण त्या एका प्रश्नानंतर पुढची तीन वर्षं मी हे सगळं शिकलो: पुस्तकांतून, एका जाणत्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून आणि गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याकडून. खाणीजवळ, क्रशरजवळ, रस्त्याच्या कामाजवळ राहणाऱ्यांसाठी आणि शेजारी विहीर पाडायला सुरुंग लावतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. सिलिंडरच्या स्फोटाची गोष्ट वेगळी असते, तिच्यासाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे.

## काय काय लागेल

अवजारं साधी आहेत. दोनशेपानी वही, पेन्सिल, खडू, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, बॅटरी, गवंड्याचा ओळंबा, लेव्हलची पारदर्शक नळी, फोटोसाठी मोबाइल आणि काचेच्या पट्ट्या. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या पट्ट्या शाळेच्या सामानाच्या दुकानात डबीने मिळतात.

कागदांत घराचा ग्रामपंचायत नमुना ८ (शहरात असाल तर प्रॉपर्टी कार्ड), घरपट्टीची चालू पावती, जमीन शेतातली असेल तर सातबारा, बांधकाम परवानगी आणि नकाशा असल्यास तो, लाइटबिल आणि आधार. घर कधी बांधलं, खोली कधी वाढवली याचा जो काही पुरावा असेल तो काढून ठेवा. आमच्याकडे वडिलांनी जपलेली सिमेंटची बिलं निघाली आणि ती कामाला आली.

## १. धडाका मोठा झाला असेल तर पहिला तास

आधी माणसं बाहेर काढा, तडे नंतर बघा. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर त्या खोलीत परत जाऊ नका:

- कॉलमला किंवा बीमला तिरका तडा, किंवा काँक्रीट फुटून आतली सळई उघडी
- दगडी भिंतीला पोट सुटलेलं
- स्लॅब किंवा गॅलरी खाली झुकलेली
- सहज उघडणारं दार अचानक चौकटीत अडकलेलं
- माळवदाच्या घरात तुळईचं किंवा सराचं (छताच्या आडव्या लाकडाचं) टोक भिंतीतल्या खोबणीतून सरकलेलं

माळवदाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण आपल्याकडे अशी घरं अजून पुष्कळ आहेत. वर मातीचा जाड थर असतो, दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पडत जाते. ते सगळं ओझं लाकडावर आणि लाकूड मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर. हादऱ्याने भिंत जराशी बाहेर कलली की सराचं टोक टेकायला जागा उरत नाही. भिंत उभी दिसते आणि छत खाली येतं. म्हणून खोलीच्या चारी बाजूंनी वर बॅटरी मारून प्रत्येक सराचं टोक बघा. लाकडावर काळ्या, धुराने माखलेल्या भागाशेजारी कोऱ्या रंगाची पट्टी दिसली तर लाकूड तेवढं बाहेर सरकलंय.

## २. धक्का जमिनीतून आला की हवेतून, ते ओळखा

सुरुंग उडाला की घरापर्यंत दोन गोष्टी येतात. एक लाट जमिनीतून येते. आपल्याकडचा काळा पाषाण घट्ट, त्यातून ती सेकंदाला काही किलोमीटर वेगाने धावते. दुसरी हवेतून येते, सेकंदाला साधारण ३४० मीटरने. म्हणून आधी पायाला कळतं, मग कानाला.

याचा सरळ उपयोग आहे. धक्का आणि आवाज यांच्यामध्ये किती सेकंद गेले ते मोजा आणि ३४० ने गुणा. दोन सेकंद असतील तर सुरुंग सुमारे ६८० मीटरवर आहे. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवला तर हे नंतर शांतपणे मोजता येतं. खुल्या खाणीत सुरुंग उडवताना भोवतालचा ५०० मीटरचा परिसर धोक्याचं क्षेत्र धरतात, म्हणजे तेवढ्यात माणूस उघड्यावर असता कामा नये. तुमचं घर त्याच्या आत पडत असेल तर ती तड्यांपेक्षाही आधी सांगायची गोष्ट आहे, कारण उडून येणारा दगड माणूस मारतो.

खिडक्यांची तावदानं वाजली, पत्रे थरथरले, दार आपटलं, तर तो बहुतेक हवेचा दाब असतो. तो मन दचकवतो, पण पाया हलवत नाही. काच फुटण्याइतका दाब साधारण १४० डेसिबलच्या पुढे होतो. याउलट आवाज बेताचा आणि जमीन मात्र चांगलीच हलली, तर वहीत ते ठळक लिहा.

इथं एक खरं बोललं पाहिजे. माणसाचं शरीर फार संवेदनशील आहे. घराला काही होण्याच्या कितीतरी आधी आपल्याला हादरा जाणवतो. "भांडी वाजली म्हणजे घर खचलं" असं धरून तक्रार केलीत तर समोरचा इंजिनीअर ती दोन मिनिटांत मोडून काढेल.

## ३. घराची 'आधीची' नोंद करा

या लेखातली हीच पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खाण सुरू व्हायच्या आधी करता आली तर सोन्याहून पिवळं. सुरू झाली असेल तर आज संध्याकाळी करा. आजच्या तारखेपासून पुढचं तरी हातात येतं.

प्रत्येक खोलीला क्रमांक द्या, प्रत्येक भिंतीला दिशा द्या. वहीच्या एका पानावर एक भिंत काढा: दार, खिडकी, कोनाडा, आणि दिसतील तेवढे तडे. प्रत्येक तड्याला नंबर, उदाहरणार्थ '२-उत्तर-३'. भिंतीवर तोच नंबर तड्याशेजारी पेन्सिलने लिहा. तड्याच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारून तारीख टाका. तडा वाढला तर तो रेघेच्या पलीकडे गेलेला दिसेल, त्यासाठी वेगळ्या यंत्राची गरज नाही.

रुंदी पट्टीने मोजा. ढोबळ हिशेब असा की १ मिलिमीटरच्या आतला तडा रंगकामात मिटतो. ५ पर्यंतचा गवंडी भरतो, दारंखिडक्या किंचित अडकायला लागतात. ५ ते १५ मध्ये भिंतीचा काही भाग काढून पुन्हा बांधावा लागू शकतो. २५ च्या पुढे गेला तर घराच्या उभं राहण्याचाच प्रश्न असतो.

फोटो काढताना तीन काढा: पूर्ण भिंत, हातभरावरून, आणि पट्टी लावून अगदी जवळून. त्या दिवसाचं वर्तमानपत्र कडेला धरा. फोटो लगेच स्वतःच्याच मेलवर पाठवून ठेवा, म्हणजे तारीख बदलता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो बारीक होतो आणि केसासारखा तडा त्यात दिसत नाही. आमचे पहिले ४० फोटो त्यामुळे वाया गेले.

शेवटी ओळंबा सोडा. बाहेरच्या प्रत्येक भिंतीवर वरून खाली, आणि वर व खाली दोरी भिंतीपासून किती लांब आहे ते लिहून ठेवा. गावातले गवंडीअप्पा मला म्हणाले होते, "सर, तडा तोंडाने बोलतो, ओळंबा शपथेवर बोलतो." कुठली भिंत कललीय आणि कुठली नुसती फुटलीय हे त्यावरूनच कळतं.

## ४. तडा कशाचा आहे?

इथं घाई करू नका. मी घरातले २३ तडे नोंदवले होते. वर्षभर बघितल्यावर त्यातले १४ सुरुंगाचे नव्हतेच, काळ्या मातीचे होते. हे मी स्वतः अर्जात लिहिलं आणि त्यानंतर उरलेल्या नवांचं म्हणणं प्रथमच कोणीतरी नीट ऐकलं.

काळ्या मातीचे तडे. आपली माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच तुमच्या पायाखालीही होत असतं. हे तडे जोत्यापासून वर चढतात किंवा कोपऱ्यातून तिरके जातात, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतात. मुख्य ओळख म्हणजे ते ऋतूबरोबर उघडतात आणि मिटतात. फरशी मधूनच वर आलेली असेल तरी माती समजा. घराच्या एकाच अंगाला न्हाणीचं पाणी मुरत असेल किंवा मोठं झाड असेल तर त्या बाजूला जास्त.

उन्हाचे तडे. स्लॅबच्या लगेच खाली, भिंतीच्या माथ्याला आडवी सरळ चीर. ४० च्या वरच्या उन्हात स्लॅब ताणतो, रात्री आखडतो. वरच्या मजल्यावर, दक्षिण-पश्चिम बाजूला हे हमखास सापडतं.

सळई गंजल्याचे तडे. बीमच्या किंवा कॉलमच्या लांबीला समांतर, कडेला तांबूस डाग, ठोकलं तर पोकळ आवाज.

कॉलम आणि विटांच्या सांध्यातली उभी चीर. दोन वेगळ्या वस्तू एकत्र आल्या की ती पडते. जाळी न मारता गिलावा केला असेल तर नक्कीच पडते.

भूकंपाचे जुने तडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आपल्या जिल्ह्यानेही अनुभवला. त्याआधीच्या घरात लिंटेलवर जुना तडा असेल आणि त्यावर रंगाचे दोन-तीन थर असतील, तर तो तेव्हाचा असू शकतो. मात्र जुना तडा सुरुंगाने पुन्हा उघडतो, आणि ते नुकसान नवीनच धरायचं.

सुरुंगाचे तडे. खिडकी-दारांच्या कोपऱ्यांतून तिरके निघणारे, कधी दोन्ही बाजूंनी येऊन फुलीसारखे झालेले. गिलाव्याचे पापुद्रे सुटणं. जुन्या दुरुस्तीची जागा परत फुटणं. पूर्वी डागडुजी केलेला भाग आधी उघडतो, कारण तो सगळ्यात कमकुवत असतो. आणि हे तडे एका घरापुरते नसतात. खाणीच्या बाजूच्या ओळीतल्या घरांना जास्त, लांबच्यांना कमी, असा क्रम दिसायला हवा. तुमच्या एकट्याच्याच घराला असतील तर कारण घरातच शोधा.

ताजा तडा ओळखायला बॅटरी तिरकी धरून आत बघा. कडा धारदार, आतलं सिमेंट स्वच्छ करडं, खाली भुगा पडलेला, म्हणजे ताजा. आत धूळ, कोळ्याचं जाळं किंवा रंग उतरलेला असेल तर जुना. आमच्या शेजारच्या अक्कांच्या गोठ्याच्या भिंतीत मला एकाच तड्यात दोन्ही दिसलं: खालचे दोन हात काळपट, जाळ्याने भरलेले, आणि वरचा वीतभर भाग असा कोरा की खडू घासल्यासारखी बोटाला पूड लागली. तडा जुना होता आणि तो वाढत होता. त्या वीतभरावरच पुढे सगळं प्रकरण उभं राहिलं.

## ५. काचपट्टी लावा

तडा जिवंत आहे की मेलेला हे कळायला ही जुनी, खात्रीची रीत. तड्याच्या दोन्ही बाजूंचा रंग आणि पापुद्रा खरवडून गिलावा उघडा करा. काचपट्टी तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं एपॉक्सीने (दोन नळ्यांतलं मिसळून लावायचं, घट्ट होणारं चिकटवण) किंवा पीओपीने पक्की करा. मधला भाग मोकळा ठेवा. शेजारी तारीख लिहा. भिंत हलली तर काच तडकते.

यात दोन चुका हटकून होतात. पहिली, रंगावरच चिकटवणं. रंग सुटतो, काच शाबूत राहते, आणि "काही हललंच नाही" असं निघतं. दुसरी, फक्त तड्यांवरच पट्ट्या लावणं. उन्हाने भिंत ताणूनही काच तडकू शकते. म्हणून त्याच भिंतीवर, तडा नसलेल्या जागी एक पट्टी लावा. शाळेत प्रयोग करताना तुलनेला एक नळी वेगळी ठेवतो, तसंच. दोन्ही तडकल्या तर ऊन, तड्यावरचीच तडकली तर भिंत. तडकलेली पट्टी काढू नका, फोटो काढून शेजारी नवी लावा.

## ६. सुरुंगाची वही ठेवा

दर सुरुंगाला एक ओळ. तारीख, वेळ, भोंगा वाजला की नाही, धक्का आणि आवाज यांतले सेकंद, धक्का एकच होता की गडगडत राहिला, घरात काय हललं, नवीन काय दिसलं. दोन-तीन घरांनी आपापली वही ठेवा, पण एकमेकांची बघून लिहू नका. तीन वह्यांत तीच तारीख आणि जवळपास तीच वेळ आली की तिला वजन येतं. ज्या दिवशी काहीच जाणवलं नाही तेही लिहा. नुसत्या वाईट दिवसांच्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

## ७. आकडे समजून घ्या

कार्यालयात गेल्यावर 'पीपीव्ही' हा शब्द ऐकू येईल. हादऱ्यात जमिनीचा कण जास्तीत जास्त किती वेगाने हलला, सेकंदाला किती मिलिमीटर, ते हे माप. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ च्या तांत्रिक परिपत्रकात त्याच्या मर्यादा घालून दिल्या. खाणमालकाच्या मालकीची नसलेली, म्हणजे तुमची-आमची घरं, कच्ची असोत की विटा-सिमेंटची, त्यांच्यासाठी:

- कंपनं ८ हर्ट्झपेक्षा (म्हणजे सेकंदाला ८ वेळांपेक्षा) कमी असतील तर सेकंदाला ५ मिमी
- ८ ते २५ हर्ट्झ असतील तर १० मिमी
- २५ हर्ट्झच्या वर असतील तर १५ मिमी

आरसीसी सांगाड्याच्या औद्योगिक इमारतींना हेच १०, २० आणि २५. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंना फक्त २, ५ आणि १०. गावात जुनं हेमाडपंती देऊळ किंवा गढी असेल तर ही तिसरी ओळ अर्जात जरूर लिहा.

कमी हर्ट्झला मर्यादा कडक का? एक-दोन मजली घर स्वतः सेकंदाला साधारण ४ ते १२ वेळा डोलतं. जमिनीचा झोका त्याच तालात आला तर झोपाळ्याला वेळेवर ढकलल्यासारखं घर जास्त डोलतं. त्यामुळे नुसता पीपीव्हीचा आकडा दाखवला आणि हर्ट्झ सांगितले नाहीत, तर तो अहवाल अर्धाच आहे. हर्ट्झ मागा.

दुसरी समजायची गोष्ट म्हणजे 'डिले'. खडकात दारू (स्फोटक) भरलेली सगळी भोकं एकाच क्षणी उडत नाहीत, काही हजारांश सेकंदांच्या अंतराने एकामागून एक उडतात. हादरा एकूण दारूवर ठरत नाही, एका डिलेमध्ये, म्हणजे एकाच क्षणी, किती दारू उडाली त्यावर ठरतो. हिशेब असा: अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला किलोच्या वर्गमुळाने भागा. २०० मीटरवर, एका डिलेत २० किलो असेल तर उत्तर सुमारे ४५ येतं. तेच एका डिलेत ८० किलो उडवले तर २२. आकडा जेवढा लहान तेवढा हादरा मोठा. म्हणजे दारू चौपट करणं हे घरापासूनचं अंतर निम्मं करण्यासारखं आहे. म्हणून "आज फक्त एवढेच किलो वापरले" या उत्तरावर थांबू नका. "एका डिलेत किती?" हे विचारा.

विहिरीच्या सुरुंगात तर अंतरच ५०-६० मीटर असतं. तिथं थोडी दारूही पुरते. शेजाऱ्याला आधी सांगून, त्याचं घर बघून मगच काम सुरू करायला लावा. भांडणापेक्षा ते स्वस्त पडतं.

## ८. यंत्राने मोजणी

मोबाइलवरची कंपनं मोजणारी अ‍ॅप घरच्या अंदाजाला ठीक आहेत, तक्रारीत चालत नाहीत. खरी मोजणी सिस्मोग्राफने होते. त्याला तिन्ही दिशांची कंपनं टिपणारा जिओफोन आणि हवेच्या दाबासाठी माइक असतो. ही मागणी जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे करायची. धनबादची केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्था असे अभ्यास करते.

मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि हे बघा. जिओफोन घराच्या पायाजवळ, घट्ट जमिनीत खोचलेला किंवा वाळूच्या पोत्याखाली दाबलेला हवा. भुसभुशीत मातीत, सुट्या फरशीवर किंवा गच्चीवर ठेवला तर आकडा चुकतो. खाणीला सगळ्यात जवळच्या घरापाशी एक यंत्र हवंच.

आता मोठा सापळा. आमच्याकडे मोजणी झाली तेव्हा त्या दिवसाचा सुरुंग इतका हलका होता की मांजरही दचकलं नाही. आकडा अर्थातच मर्यादेत आला. त्यावेळी वह्या कामाला आल्या. गेल्या सहा महिन्यांत असा हलका सुरुंग किती वेळा झाला हे तीन वह्यांवरून दाखवता आलं, आणि मोजणी पुन्हा, तीन वेगवेगळ्या दिवशी, न सांगता घ्यायचं ठरलं. दुसऱ्या खेपेला एका दिवशी मर्यादा ओलांडलेली निघाली. म्हणून एका सुरुंगाच्या मोजणीवर सही करू नका. आणि मोजणीच्या दिवसाची भोकं, खोली, एका डिलेतली दारू यांची नोंद अहवालाला जोडायला सांगा.

## ९. अर्ज कुठं, कसा

पहिला अर्ज तहसीलदारांकडे, पंचनाम्याच्या मागणीसह. प्रती जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेला, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला. धूळ आणि आवाजाची तक्रार वेगळ्या अर्जाने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूरच्या कार्यालयात. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

ग्रामसभेत विषय घेऊन ठराव करून घ्या. एकट्याचा अर्ज वैयक्तिक वैर म्हणून बाजूला पडतो.

माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून या गोष्टी मागा: खाणपट्ट्याचा आदेश आणि नकाशा, त्यातल्या अटी, सुरुंग उडवण्याची परवानगी आणि वेळ, मागच्या सहा महिन्यांच्या सुरुंगांची नोंद, याआधी कंपनांची मोजणी झाली असल्यास अहवाल. गौण खनिजाचं काम महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम, २०१३ प्रमाणे चालतं, अर्जात त्याचा उल्लेख असू द्या.

पंचनामा होताना तुमची वही पंचांसमोर ठेवा. प्रत्येक तड्याचा नंबर, लांबी, रुंदी लिहून घ्यायला सांगा. "घरास किरकोळ तडे" असं मोघम वाक्य लिहिलं तर सही करण्याआधी खाली स्वतःचं म्हणणं लिहा. अर्जाची भाषा साधी ठेवा. काय दिसलं, कधी दिसलं, किती दिसलं. खाणमालकाचे हेतू काढत बसू नका.

## १०. सिलिंडरचा किंवा बॉयलरचा स्फोट असेल तर

हा प्रकार वेगळा. इथं दाब घराच्या आतून येतो. सोलापूरच्या पूर्व भागात घर आणि यंत्रमाग एकाच भिंतीला लागून असतात, त्यामुळे एकाचं नुकसान तिघांपर्यंत जातं.

गॅसचा वास असेल तर बटण चालू किंवा बंद काहीही करू नका, बाहेर पडा, बाहेरूनच १९०६ ला फोन करा. आगीसाठी १०१, कुठलीही मदत हवी असेल तर ११२. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. खालच्या पायऱ्या, गटारी, पाण्याची टाकी इथं जपा.

तपासणीत स्लॅबकडे विशेष लक्ष द्या. स्लॅब वरून येणारं ओझं पेलायला केलेला असतो, मुख्य सळया मधल्या भागात खालच्या अंगाला असतात. स्फोट त्याला खालून वर उचलतो. त्यामुळे तडे गच्चीवर, वरच्या बाजूला पडतात आणि घरात उभं राहून छताकडे बघणाऱ्याला दिसत नाहीत. गच्चीवर जायचं ते इंजिनीअरने, तेही खालून टेकू दिल्यानंतर. विटांच्या भिंती बाहेर उडून गेल्या आणि कॉलम-बीम उभे राहिले, तरी "सांगाडा वाचला" असं लगेच म्हणू नका. भिंती विनासिमेंटच्या जुन्या दगडी असतील तर वरचा मजला आधी रिकामा करा.

आग लागली असेल तर काँक्रीटचा रंग बघा. सुमारे ३०० अंशांच्या पुढे ते गुलाबी होतं, ६०० च्या आसपास पांढुरकं-करडं. गुलाबी झालेल्या भागाची ताकद गेलेली असते. काजळी हळूच पुसून रंग बघावा लागतो. रिबाउंड हॅमर, ध्वनीलहरींची चाचणी आणि गरज पडली तर काँक्रीटचा गाभा काढून तपासणी हे इंजिनीअरचं काम, ते त्याच्याकडूनच करून घ्या.

पैशांचं: घरगुती गॅस जोडणीच्या ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी विमा घेतलेला असतो. नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेचं नुकसान त्यात २ लाखांपर्यंत धरलं जातं. वितरकाला लगेच लेखी कळवा. घराचा 'भारत गृह रक्षा' विमा असेल तर स्फोट त्यात येतो. विम्याचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत मलबा हलवू नका, जिवाला धोका असेल तेवढाच हलवा आणि आधी फोटो काढा.

## ११. दुरुस्ती कधी करायची

पंचनाम्याची प्रत हातात आल्याशिवाय तडे भरू नका. लग्नकार्य आहे म्हणून आमच्या गल्लीतल्या एका घराने सगळं घर रंगवून घेतलं आणि पुरावा चुन्याखाली गेला.

जिवंत तडा सिमेंटने भरला तर तो शेजारी नव्याने उघडतो. काचपट्टी एक उन्हाळा आणि एक पावसाळा शाबूत राहिली की मगच भरा. कोपऱ्यातल्या तड्यांवर दोन्ही बाजूंना वीतभर गिलावा काढून जाळी मारून घ्या. मातीच्या तड्यांसाठी आधी पाण्याची वाट बदला: न्हाणीचं आणि पत्र्याचं पाणी पायापासून लांब न्या, घराभोवती उताराची फरशी करा. आमच्या १४ पैकी ११ तडे नुसते एवढ्याने पुढच्या उन्हाळ्यात उघडले नाहीत.

अक्कांच्या गोठ्याची भिंत खाणीच्या खर्चाने नव्याने बांधून मिळाली. आमच्या नऊ तड्यांच्या भरपाईचा अर्ज अजून चालू आहे. सुरुंगाची वेळ ठरली आहे, एका डिलेतली दारू कमी झाली आहे. उत्तरेकडच्या भिंतीवर सात पट्ट्या आहेत, त्यातल्या पाच शाबूत आहेत. सहावी मार्चमध्ये तडकली, सातवी गेल्या गुरुवारी, दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी. तिच्या शेजारी नवी लावली आहे.